सव्विसावं नाव

"ह्या कोणी लिवला?"

दारात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात आमच्याच पेपरचा एक तुकडा होता. चुरगळलेला, तेलकट, सुक्या बांगड्याचा वास येणारा. माणूस पन्नाशी उलटलेला. डोक्याला घाटावरच्या लोकांसारखं मुंडासं, अंगात जाड कांबळीचा कोट, पण बोली आमच्या खाडीकाठची.

दुपारची वेळ होती. संपादक आबा पोंक्षे जेवायला घरी गेले होते आणि खोलीत मी एकटीच मुद्रितं तपासत बसले होते. मी तुकडा हातात घेतला. आमच्या दैनिक 'पुळण'चं अकरा दिवसांपूर्वीचं तिसरं पान होतं ते. खालच्या कोपऱ्यात 'आजचा दिनविशेष'.

"मीच लिहिलंय," मी म्हणाले. "का हो?"

ही १९८२ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि 'पुळण'मध्ये लागून मला जेमतेम सहा महिने झाले होते. नव्या माणसाच्या वाट्याला जे कुणालाच नको असतं ते काम येतं. माझ्याकडे दिनविशेष आला होता. आधीच्या उपसंपादकाने एक जाडजूड वही करून ठेवली होती. रोज तारीख बघायची आणि त्या दिवशी कुठल्या कुठल्या साली काय काय घडलं ते उतरवून द्यायचं, एवढंच. पण मला उत्साह दांडगा. मी दुपारी माळ्यावर चढून आमच्याच पेपरचे जुने बांधीव अंक चाळायची आणि आपल्या जिल्ह्यातलं काही सापडलं की वहीत भर घालायची. ३ डिसेंबरखाली वहीत राजेंद्रप्रसादांचा जन्म होता, खुदीराम बोस यांचा जन्म होता, आफ्रिकेत माणसाचं हृदय पहिल्यांदा बदललं ते होतं. त्यांच्या खाली मी माझी ओळ घातली होती : '१९६१ – मुरवणे खाडीत जत्रेहून परतणारी होडी उलटून २६ जणांना जलसमाधी.'

आबांनी ती ओळ वाचून "वा!" म्हटलं होतं. ते "वा" मी दोन दिवस मिरवलं होतं.

"आकडो चुकलो हा," तो माणूस म्हणाला. "सव्वीस नाय. पंचवीस."

"नाही हो, मी नावं मोजून लिहिलंय."

"पंचवीस," तो पुन्हा म्हणाला. आवाज चढला नव्हता.

मला थोडा रागच आला. मी माळ्यावर गेले, १९६१चा गठ्ठा धूळ झटकून खाली आणला आणि त्याच्यासमोर उघडला. "बघा. ही नावं छापलीत. मी वाचते, तुम्ही मोजा."

तो उभाच राहिला. मी एकेक नाव वाचत गेले. प्रत्येक नावाला तो मान हलवायचा, कुणी ओळखीचं भेटावं तशी. मध्ये एका नावाला त्याने डोळे मिटले. त्या नावामागे 'वय वर्षे ४' असं होतं. मी शेवटाशी आले.

"सव्वीस. जानू रामा कुबल, होडीचा तांडेल."

"तो मी," तो म्हणाला.

मी गठ्ठा तसाच धरून बसले. रस्त्यावरून एसटी गेली, खिडकीची काच थरथरली. मग मला सुचलं ते एवढंच, की मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "बसा."

तो खुर्चीत न बसता भिंतीला टेकून खाली बसला. मी चहा मागवला. कपाला हात न लावता त्याने सांगायला सुरुवात केली. बोलायची सवय मोडलेल्या माणसासारखा तो एक वाक्य बोलून थांबायचा.

मुरवण्याची तर त्याच्याकडे होती, त्याच्या बापाकडून आलेली. म्हणजे ह्या काठावरून त्या काठावर माणसं पोचवायचं काम. पलीकडच्या हेदवलीला देवीची जत्रा होती. संध्याकाळ व्हायला आली आणि मुरवण्याच्या माणसांना घरची ओढ लागली. होडी अठरा माणसांची. एकोणतीस चढली.

"मी नको म्हटलंय. दोनदा म्हटलंय. तिसऱ्यांदा गप ऱ्हवलंय." तो थांबला. "तिसऱ्यांदा बोलाक होया होता."

ओहोटी लागली होती. मधल्या धारेत होडी डोलली, कोणीतरी घाबरून उभं राहिलं आणि मग सगळेच उभे राहिले. पुढचं त्याने फार थोडं सांगितलं. हाताला लागतील त्या पोरांना उलट्या होडीवर टाकलं, ती राहिली की गेली माहीत नाही. धारेने त्याला खाली ओढत नेलं. खारफुटीत कुठेतरी पाय टेकले. तिथून वर आला तर काठावर सगळं गाव जमलं होतं.

"मी झाडाआड उभो. माझ्या बायलेचो आवाज इलो. 'मेल्या जानू, खंय गेलंस रे मेल्या' म्हणान बोंबलत होती. सगळ्या गावासमोर. मग माझो पायच पुढे जायना."

तो मागे वळला तो थेट घाट चढून गेला. राधानगरीच्या बाजूला एका लाकडाच्या वखारीत एकवीस वर्षं काढली. पाण्यापासून लांब. नाव दुसरं सांगितलं होतं. लग्न केलं नाही. गेल्या आठवड्यात बाजारात सुके बांगडे घेतले आणि घरी येऊन पुडी सोडली, तर त्यात त्याचं मरण छापलेलं. दुसरीपर्यंत शिकला होता. अक्षरं लावून लावून वाचलं.

"तुमचं काय म्हणणं आहे?" मी विचारलं. "काय करू मी?"

"आकडो बरोबर कर, बाय. पंचवीस जणां माझ्यापायी गेली. त्येंच्या पंगतीत माका बसवू नको. मी त्या मानाचो नाय. नाव घालू नको माझा. फक्त आकडो."

"आणि घरी? बायको?"

"होती," तो म्हणाला. "एक चेडू होता, तीन वर्साचा." त्या मुलीचं पुढे काय झालं ते त्याने विचारलं नाही आणि मला माहीत नव्हतं.

आबा जेवून आले. मी त्यांना आतल्या खोलीत नेऊन सगळं सांगितलं. आबा तीस वर्षं पेपरात होते. त्यांचे डोळे लकाकले ते मला दिसलं.

"सुलभा, ही पहिल्या पानाची बातमी आहे. बुडालेला तांडेल एकवीस वर्षांनी परत! मुंबईचे पेपर उचलतील."

"तो नाव नको म्हणतोय, आबा."

"बातमी त्याच्या परवानगीने होत नसते." आबा येरझारा घालायला लागले. मग खिडकीशी थांबले. "त्या बाईने हे पेपरात वाचावं असं मात्र मला वाटत नाही," ते म्हणाले. "तू उद्या मुरवण्याला जा. ती आहे का, कशी आहे बघ. तिला आधी कळू दे. परत आलीस की ठरवू."

जानूला आम्ही छापखान्यामागच्या खोलीत राहायला सांगितलं. मी कुठे चालले ते त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो पुन्हा पळाला असता, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी हेदवलीच्या धक्क्यावर उतरले. पूल तेव्हा झाला नव्हता, अजूनही होडीची तरच होती. होडी समोरच्या काठावरून येत होती आणि वल्ही मारणारी बाई होती. उन्हाने रापलेली, कासोटा घट्ट मारलेली, पन्नाशीच्या अलीकडची. होडी लागली, माणसं उतरली, चढली. तिने बोटाने मोजली. माझ्यामागे एक गृहस्थ बॅग घेऊन धावत आले. "भागीरथी, एवढा एकच घे गो, माझी दुपारची गाडी चुकतली!"

"भरली," ती म्हणाली. "पुढच्या खेपेक."

"एकान काय होतला?"

तिने काठी रेटली आणि होडी सुटली. माझ्या शेजारची म्हातारी मला म्हणाली, "तिका सांगून उपेग नाय. मामलेदार इलो तरी घेवची नाय ती. तिचो घोव ह्याच पाण्यात गेलो, जत्रेच्या वर्सा. चार पोरां वाचवल्यान आणि आपण गेलो. देवमाणूस."

मी वळून भागीरथीकडे बघितलं. वल्ह्याच्या प्रत्येक ओढीला तिच्या दंडाची शीर ताठत होती. समोर मुरवण्याच्या धक्क्यावर काळ्या दगडाचा एक खांब दिसत होता. होडी लागल्यावर मी आधी तिथेच गेले. नावं कोरलेली होती. पेपरात जानू रामा कुबल सर्वांत शेवटी होता. दगडावर त्याचं नाव सर्वांत वर होतं. पायाशी ताजी अबोली वाहिलेली होती.

हा माणूस एकवीस वर्षं खुनी म्हणून लपून बसला होता आणि इथे रोज त्याच्या नावाला फुलं पडत होती.

गर्दी पांगल्यावर मी तिच्याकडे गेले. ती होडीतलं पाणी नारळाच्या करवंटीने उपसत होती. मी पेपरातून आल्याचं सांगितलं.

"दर वर्सा कोण ना कोण येता," ती म्हणाली. "लिवा काय लिवायचा ता. बाई होडी चालवता म्हणान लिवा. माका येळ नाय."

"भागीरथीबाई, मी लिहायला आले नाही. सांगायला आले." मला काही केल्या आडवळणाने बोलता येईना. "तुमचे मालक काल आमच्या ऑफिसात आले होते. जिवंत आहेत."

करवंटी थांबली. तिने माझ्याकडे बघितलं, मग खाडीकडे बघितलं. "डाव्या खांद्यार काय आसा तेच्या?" तिने विचारलं.

"मी नाही बघितलं. पण त्यांनी सांगितलं, त्या संध्याकाळी ते खारफुटीत उभे होते. तुम्ही सगळ्यांसमोर 'मेल्या जानू' म्हणून ओरडत होतात. ते ऐकलं आणि गेले."

ती होडीच्या काठावर बसली. धक्क्यावर दोन माणसं येऊन उभी राहिली, त्यांनी हाक मारली, तिने हात हलवून त्यांना थांबवलं. एकवीस वर्षांत तिने उतारू ताटकळत ठेवल्याचं पहिल्यांदाच पाहतोय, असं त्यातला एकजण नंतर मला म्हणाला.

"खंय होतो?" शेवटी तिने विचारलं.

"घाटावर. लाकडाच्या वखारीत. लग्न केलं नाही."

"ता मी इचारूक नाय," ती फाडकन म्हणाली. मग उठून काठी हातात घेतली. "तेका सांग, शुक्रवारी दुपारी हेदवलीच्या धक्क्यार ये. जेवणाच्या येळाक माणूस नसता."

"तुम्ही काय म्हणता म्हणून सांगू त्यांना?"

"माका काय म्हणाचा हा, ता मी म्हणीन."

मी परत येऊन जानूला सांगितलं, तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्यावर डोळे वटारले. "तुका आकडो सांगितलेलो, बाय. माझ्या घरात जाऊक सांगूक नव्हता." ते खरंच होतं. मी मान खाली घातली. पण दगडाबद्दल सांगितलं, चार पोरं वाचल्याचं सांगितलं, तेव्हा तो एकेका पोराचं नाव विचारू लागला. मला नावं ठाऊक नव्हती. "चार?" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "चार ऱ्हवली?"

शुक्रवारी आम्ही गेलो. आबांनी स्वतः एसटीचं तिकीट काढून दिलं आणि म्हणाले, "वही-पेन इथेच ठेवून जा." मी ठेवलं.

धक्क्यावर ऊन रणरणत होतं, कुत्रंही नव्हतं. समोर खाडी दिसली. जानू खालच्या पायरीपासून दहा हात अलीकडेच थांबला, त्याहून पुढे येईना. समोरून होडी निघाली. रिकामी. मधल्या धारेत आली तेव्हा त्याचे ओठ हलत होते. काय म्हणत होता मला ऐकू आलं नाही.

भागीरथीने होडी बांधली आणि पायऱ्या चढून वर आली. त्याच्यापासून दोन हातांवर उभी राहिली. तिने त्याला नखशिखान्त बघितलं.

"मुंडासा कित्याक बांधलंस? धनगर झालंस?" ती म्हणाली.

त्याने मुंडासं सोडलं. डोक्यावर पांढरे, विरळ केस होते.

"भागी," तो म्हणाला, "माका..."

"गप. आधी माका सांग. रोज सकाळी पेजेक बोलवताना मी तुका काय म्हणत होतंय?"

त्याने सोडलेलं मुंडासं खांद्यावर टाकलं.

"काय म्हणत होतंय? होडी घेऊन उशिरा इलंस की दारातसून काय म्हणत होतंय? चेडवाक घे म्हणताना काय म्हणत होतंय?"

"मेल्या," तो हळूच म्हणाला.

"मेल्या!" ती ओरडली. तिचा आवाज खाडीवरून घुमत गेला. "अरे मेल्या, मी तुका हाक मारत होतंय! सगळो गाव आपापल्या माणसाक हाक मारत होतो, मी माझ्या माणसाक मारत होतंय! माझ्या तोंडात दुसरी हाक होती काय रे तुझ्यासाठी कधी?"

जानू तिथेच खाली बसला, तापलेल्या चिऱ्यांवर. दोन्ही हात डोक्यावर धरून. ती उभीच होती. तिने त्याला हात लावला नाही आणि रडलीही नाही. खूप वेळाने म्हणाली, "चल. भरती लागताहा."

"माका पाण्यात बसाचा नाय."

"मग हंयच बस आणखी एकवीस वर्सां."

तो उठला. होडीत पाय ठेवताना त्याने माझ्या खांद्याला धरलं आणि त्याची बोटं माझ्या खांद्यात रुतली. होडी निघाली. मी काठावरच राहिले. तो होडीच्या तळाशी बसला होता, डोकं गुडघ्यांत घालून, आणि ती वल्ही मारत होती.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं, कारण मी वर्षातून एक-दोनदा मुरवण्याला जायला लागले. तिने त्याला घरात घेतलं नाही. धक्क्याजवळ होडीचं सामान ठेवायची खोप होती, तिथे तो राहायचा आणि दोन वेळचं जेवण ती पाठवायची. मुलगी शेवंती सासरहून आली, लांबून बघून गेली. दुसऱ्या खेपेला आपला मुलगा त्याच्या मांडीवर ठेवून गेली. वाचलेल्या चार पोरांतली एक आता गावातल्या शाळेत बाई होती. ती उरलेल्या तिघांना घेऊन खोपीत आली तेव्हा हा माणूस उठून त्यांच्या पाया पडायला लागला म्हणतात.

सगळे तसे नव्हते. भाऊ राऊळ म्हणून एक म्हातारा होता. त्याची बायको आणि दोन मुलगे त्या होडीत गेले होते. तो एके सकाळी येऊन खोपीच्या दारात बसला आणि उठताना म्हणाला, "मेलेल्या जानूक मी एकवीस वर्सां हात जोडलंय. जित्या जानूक माझ्यान जमाचा नाय." जानू म्हणाला, "जोडू नको, भाऊ." त्यानंतर भाऊ दर आठवड्याला यायचा. दोघं बोलत नसत. शेजारी शेजारी बसून खाडी बघत.

दगडावरचं सर्वांत वरचं नाव जानूने स्वतः छिन्नीने खोडलं. कुणी अडवलं नाही.

आबांनी बातमी छापली नाही. पुढच्या वर्षी ३ डिसेंबरच्या दिनविशेषात मी 'पंचवीस' लिहिलं. कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी त्याच तारखेला भोपाळ घडलं आणि मग दर साली ती ओळही मलाच लिहावी लागली. तिथला आकडा लिहिताना माझं पेन दर वेळी थांबायचं.

जानू सात वर्षं जगला. त्याने पुन्हा वल्हं हातात घेतलं नाही. उतारू चढताना तो धक्क्यावर उभा राहून मोजायचा, एवढंच. १९८९च्या पावसाळ्यानंतर तापाने गेला. मला निरोप मिळाला तेव्हा क्रियाकर्म आटोपलं होतं. मी मुरवण्याला पोचले तेव्हा होडी बांधलेली होती आणि धक्क्यावर लोक खोळंबलेले होते. भागीरथी खोपीत होती.

त्याच्या चटईवर बसून ती रडत होती. मोठमोठ्याने, लहान पोरासारखी, पदराने तोंडही न झाकता. मला पाहून ती थांबली नाही. मी जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला, तेव्हा हुंदक्यांमधून म्हणाली, "पयल्या येळाक रडाक गावला नाय गो माका. चेडू तीन वर्साचा, आणि तिसऱ्याच दिसा धक्क्यार माणसां येऊन उभी. कोण पोचवतला? मी वल्हा घेतलंय. मगे रडाचा ऱ्हवलाच."

बाहेरून कुणीतरी हाक मारली, "भागीरथी, येतंस मा?"

तिने दाराकडे बघितलंही नाही.

"ऱ्हवांदेत आज," ती म्हणाली. "तू बस हंय."

मी बसले.